घरभर एक टॉवेल

कुणाच्याही घरी गेली की माझी सिंधूआत्या आधी अंगणातली कपड्यांची दोरी बघायची. वाळत घातलेले टॉवेल मोजायची आणि मगच चहाला हो म्हणायची. पलूसजवळच्या आरोग्य केंद्रात ती तीस वर्षं नर्स होती. उसातलं काम, नदीकाठची दमट हवा, घामाचे कपडे अंगावरच वाळू द्यायची सवय. आमच्याकडे गजकर्णाला कधी तोटा नसतो. "पाच मानसं आनि टॉवेल एक," ती म्हणायची. "खाज तेवढी सारखी वाटून घेतली बघा."

शेजारच्या सुमनला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कमरेवर गोल, लाल चट्टे उठले. दुकानातून आणलेल्या ट्यूबनं चार दिवस खाज थांबली आणि मग चट्टे पोटापर्यंत पसरले. पारूकाकूंनी, तिच्या सासूनं, तिचं ताट वेगळं केलं, तिला पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नाही आणि शेवटी तिची बॅग भरली. "कायतरी वंगाळ रोग हाय. म्हायेरी ऱ्हाऊ दे."

हे कळताच आत्या तिथं गेली. मी सोबत होतो, पण ओट्यावरच थांबलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ह्या ट्यूबनं खाज दबती, बुरशी मरत न्हाई. उलट लय पसरती," आत्या म्हणाली. "आता पारूवैनी, तुमी परकराची नाडी सैल करा."

"मी कशाला?"

"दोन वर्सं बघतीया, बोलता बोलता कंबर खाजवताय. मी काय आंधळी हाय व्हय?"

आत बांगड्या किणकिणल्या; काकूंनी नाडी सैल केली असावी. मग आत्याचा शांत आवाज आला, "तुमचं तर जुनं हाय. पोरगी आली तवा तिला कायबी नव्हतं. भरा मग, तुमचीबी बॅग भरा. म्हायेर पाटनचं न्हवं तुमचं?"

"आवं सिंधूताई, ह्या वयात मला कोन ठेवून घेनार?" काकू म्हणाल्या. सुमनला हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं सगळ्या घराला डॉक्टरांकडे नेलं. औषध सगळ्यांना एकदम सुरू झालं, प्रत्येकाला वेगळा टॉवेल मिळाला, कपडे उलटे करून उन्हात पडू लागले. चट्टे मावळताच काकू मलम बंद करायला निघाल्या. "दिसंना म्हंजी गेलं, असं न्हाई," आत्यानं बजावलं. "डॉक्टर थांबा म्हनंपतूर लावायचं." सुमनची बॅग तोवर माळ्यावर गेली होती.

गेल्या महिन्यात आत्या गेली. तिला शेवटची आंघोळ घालायला बायका जमल्या, तेव्हा सुमन मागे भिंतीशी उभी होती. पारूकाकूंनी पाण्याचा तांब्या भरला आणि तिच्याकडे धरला.

"तू घाल," त्या म्हणाल्या. "पैलं पानी तुझ्या हातचं."