पोळपाटावरचा बंट

बेसबॉल खेळायला जाऊन चेंडू जोरात न मारण्याचा पण केलेला माणूस साऱ्या जपानात एकच असेल, आणि तो म्हणजे आमचे सर. त्सुकुबाच्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते, तिथे ते माणसाच्या चालण्यावाकण्याचा अभ्यास करायचे. वय बावन्न, मूळ गाव नाशिक, आणि शाळेत असताना क्रिकेटच्या संघात कायम स्कोअर लिहायला बसवलेले. असा माणूस बेसबॉलच्या मैदानावर पोचला तो निव्वळ सायकल थांबवल्यामुळे. मोठ्या भूकंपानंतरचं वर्ष होतं. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरची घरं सोडून आमच्या गावात राहायला आलेली काही मंडळी रविवारी सकाळी खेळायची. त्या दिवशी आठच जण जमले होते. त्यांचा कॅप्टन, साठी ओलांडलेला कोळी, कुंपणापाशी आला आणि सरांना म्हणाला, "नुसते उभे राहाल का? नववा नसेल तर खेळताच येत नाही."

सर उभे राहिले. पाळी आल्यावर तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेतच. घरी येऊन त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगितलं, "या वयात माझं शरीर फक्त बंट करू शकतं. पण तो मी शास्त्रशुद्ध करीन." बंट म्हणजे बॅट न फिरवता ती चेंडूपुढे आडवी धरायची आणि चेंडू पुढ्यातच निपचित पाडायचा. आपण बहुधा बाद होतो, पण तेवढ्या वेळात आपला गडी पुढे सरकतो.

झालं! दुसऱ्या दिवशी सर पायांचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर बॅट घेऊन ओणवे, आणि चेंडू टाकायला मी. "अगं, हातांनी नाही, गुडघ्यांनी खाली जायचं. डोळे बॅटच्या उंचीवर. आणि बोटं बॅटच्या मागे, नाहीतर चिरडतील!" मांड्या बळकट व्हाव्यात म्हणून ते एकोणतीसचा पाढा संपेपर्यंत अर्ध्या बैठकीत थांबत, तेही कुठेही. सुपरमार्केटच्या रांगेत थांबले, तेव्हा तिथल्या मुलीने पाठीत उसण भरली समजून खुर्ची आणली. सरांनी तिचे आभार मानले, पण पाढा दोनशे तीनवर होता, त्यामुळे बसले नाहीत. मनगटांसाठी ते घरातले सगळे ओले टॉवेल पिळायचे. काकूंना हा एकच व्यायाम मनापासून पटला होता. हात सैल पडावेत म्हणून मात्र काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून बटाटे फेकायचे आणि सरांनी ते पोळपाटावर झेलायचे. बटाटा उसळला तर चूक, पायाशी पडला तर बरोबर. "चेंडू आला की पोळपाट जरासा मागे घ्यायचा, पाहुण्याला वाट देतो तसा," सर समजावत. काकू म्हणायच्या, "पाहुण्याला द्या वाट, पण आधी भाजीला बटाटे द्या."

तो संघ वर्षभर एकही सामना जिंकला नव्हता. कॅप्टनची होडी त्सुनामीच्या लाटेत गेली होती आणि घर असलेल्या गावात किरणोत्सर्गामुळे जायला बंदी होती. त्याची बायको दर रविवारी यायची, थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून द्यायची आणि बाकावर गप्प बसायची. सरांबरोबर मीही जायचे, पण तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. शरद ऋतूतल्या एका रविवारी कॅप्टन मला म्हणाला, "आजचा शेवटचा सामना. हरून हरून पोरं कंटाळली. पुढच्या वर्षी कोण येणार?"

त्या सामन्यात शेवटच्या डावात बरोबरी झाली. एक गडी बाद, तिसऱ्या तळावर, म्हणजे धावेपासून एकाच टप्प्यावर, कॅप्टन स्वतः, आणि बॅट हातात घेऊन आमचे सर. प्रतिपक्षाचा तगडा पोरगा चेंडू फेकायला वळला, कॅप्टन पळत सुटला, सर गुडघ्यांत वाकले. टप्प असा आवाज झाला आणि चेंडू तीन पावलांवर मेल्यासारखा पडला. त्यांचा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक, चेंडूवर झेपावला. कॅप्टनचे पाय जड पडत होते. आणि बाकावरून कुणीतरी अस्सल किनाऱ्याकडच्या बोलीत ओरडलं, "पळ, म्हाताऱ्या! पळ ना!"

कॅप्टनची बायको उभी होती. थर्मास कलंडून चहा मातीत चालला होता.

कॅप्टन धुळीतून घसरत कॅचरच्या हाताखालून शेवटच्या तळावर पोचला, आणि त्या एका धावेने सामना जिंकला. संघ नाचायला लागला. सर तसेच ओणवे, चेंडू कसा थांबला ते निरखत होते. पळायचं त्यांना सुचलंच नव्हतं. कॅप्टन मात्र कुणाकडे न बघता, तोंडातली माती थुंकत बाकाकडे गेला. "काय म्हणालीस?" त्याने विचारलं. "म्हातारा म्हणाले," ती म्हणाली, आणि दोघं हसत सुटली.

पुढच्या वर्षी सगळे आले, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग त्यांचं गाव पुन्हा उघडलं, एकेक घर परत गेलं आणि संघ आपोआप मोडला. सरांची नोकरीही संपली, ते नाशिकला परतले. आता नवीन वर्षाला मीच कॅप्टनला फोन करते. त्याच्या हातातून फोन काढून घेऊन त्याची बायको बोलायला लागते, ती थांबतच नाही. तिची बोली मला निम्मीशीच कळते. सर फोनवर असते तर त्यांनाही तेवढीच कळली असती. पण फोन कानाला लावून मी शेवटपर्यंत ऐकते, आणि नंतर त्यातलं कळेल तेवढं त्यांना नाशिकला कळवते.