भाऊजींचा मंजूर होऊ घातलेला राजीनामा

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या भाऊजींइतके राजीनामे कोणी दिले नसतील, आणि नोकरी जाण्याची त्यांच्याइतकी धास्तीही कोणी घेतली नसेल. साठ सालच्या आसपास ते दारव्ह्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत हजेरी मांडत. सरकीपासून रुई सुटू लागली की हवेत तंतू उडत. भाऊजी नाकाला उपरणं बांधून स्वतःची नाडी पाहत बसत आणि ती जवळच्या हमालाच्या नाडीशी ताडून बघत. एकदा तर कापसाच्या गाडीच्या बैलालाही हात लावून पाहिला, आणि बैलाचं बरं आहे म्हणून हळहळले.

हंगामात एकदा त्यांची आजाराची भीती अनावर होई आणि ते प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देत. एका वर्षी हृदय, एका वर्षी मूत्रपिंड. मला म्हणत, "कागद देला की मले झोप लागते, बापू." जुने मॅनेजर समजूतदार होते. कागद खणात टाकत आणि चार दिवसांनी भाऊजींना चहा पाजून परत करत. या वहिवाटीवर माझ्या ताईचा संसार चालला होता.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी त्या वर्षीचा, फुप्फुसांचा, राजीनामा नीट वाचला आणि म्हणाले, "उद्या मंजुरीचं पत्र देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजी धापा टाकत माझ्याकडे आले. मी एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. वकीलसाहेब म्हणाले, "मंजुरी हाती पडेस्तोवर राजीनामा मागं घेता येते. त्यांनी आजारापायी काढलं असतं, तर नोटीस तरी द्या लागली असती. तुम्ही आपल्या हातानं सोडलं, मंग कायची नोटीस?"

मी लगेच टाइप केलं : 'माझी प्रकृती पूर्ण सुधारली असल्याने राजीनामा मागे घेत आहे.' भाऊजींनी वाचलं आणि कागद दूर सारला. "मी बरा हावो असं कागदावर लिहून देऊ? दृष्ट लागंन ना लेका!" फॅक्टरीचं ऑफिस उघडायला अर्धा तास उरला होता, तरी ते सही करेनात. 'थोडी सुधारली' असं लिही म्हणाले. शेवटी मी चिडलो. "ताईच्या घरी चूल पेटायची की नाही, तेवढं सांगा!" मग त्यांनी सही केली. वाटेत त्यांचं घर होतं. ताईनं कागदाच्या कोपऱ्याला काजळाचं बोट लावलं, तेव्हा कुठे ते माझ्यासोबत पुढे निघाले. मॅनेजरांनी विचारलं, "हा डाग कसला?"

"शाईचा, साहेब."

मंजुरीचं पत्र टेबलावर टाइप होऊन पडलं होतं. ते साहेबांनी नाखुशीनं फाडलं. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर भाऊजींनी एकदाही राजीनामा दिला नाही. चार हंगामांनी त्यांना खरा खोकला लागला. ओटा चढताना दम लागे. मी म्हटलं, "भाऊजी, आता खरंच सोडा." ते हसले. "नाही बापू. हे साहेब मंजूर करतात."

तो हंगाम पुरा व्हायच्या आतच ते गेले. त्या सकाळी त्यांची नोकरी वाचवली म्हणून मी ताईच्या हातचा शिरा दोनदा मागून खाल्ला होता. अजून वाटतं, तो कागद टाइप करायला मला अर्धा तास जास्त लागायला हवा होता.