इवारिका नावाचे पाच अर्थ

माझ्या भाचीसाठी शोधलेल्या नावाचे पाच अर्थ मी स्वतः तयार केले, पाच जणांना एकेक वाटून दिले, आणि ते पाचही जण बारशाला हजर होते.

बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. बाकी आयुष्यभर आत्याला कुणी विचारत नाही. भावाने घर बांधलं तरी तिला वास्तुशांतीलाच कळतं. पण पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते तिनेच. त्या वेळी जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात (का घालतात ते मला माहीत नाही, बहुधा मान फार चढू नये म्हणून) आणि मग नाव जाहीर होतं. तोवर नाव गुप्त. ते काय असावं हे आत्या ठरवणार आणि तिच्या शब्दापुढे कुणी जाणार नाही, ही आमच्याकडची रीत.

मी रोह्याला एका कंपनीच्या टाइम ऑफिसात आहे. हजेरीची नावं सकाळ-संध्याकाळ डोळ्यांखालून जातात. गेटवर ‘संतोष’ अशी हाक मारली तर अर्धी शिफ्ट मागे वळते! म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या भाचीचं नाव असं ठेवायचं की ते ऐकून सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघावं.

आणि ही भाची साधी नव्हती. माझा धाकटा भाऊ रवी पेणला राहतो, हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. त्याची बायको मनीषा खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबलेल्या घरातली. त्यांची आधीची दोन बाळं राहिली नव्हती. ही तिसरी, तीही दिवस भरायच्या आधीच आली आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. ती घरी आली, दूध पचायला लागलं, तेव्हा कुठे बारशाची गोष्ट निघाली. उचलली तर हातात नुसतं दुपटं आल्यासारखं वाटायचं. मला तिच्यासाठी जगातली सगळी चांगली अक्षरं गोळा करून आणावीशी वाटत होती.

मी मोबाइलवर बसले. नेटवर मुलींच्या नावांचा सुकाळ आहे, दुष्काळ आहे तो अर्थांचा. निम्म्या नावांचा अर्थ लक्ष्मी आणि उरलेल्यांचा सूर्याचा पहिला किरण. शेवटी एके ठिकाणी मला ‘इवारिका’ सापडलं. कधी कुणी ऐकलेलं नाही, कुणी ठेवलेलं नाही. एक साइट म्हणाली मूळ संस्कृत, दुसरी म्हणाली मूळ ग्रीक. तिसरीवर अर्थाची जागा रिकामीच होती आणि खाली लिहिलं होतं, ‘या नावाच्या व्यक्ती हळव्या असतात, त्यांना निळा रंग लाभतो.’ मी खूश झाले.

आमचे हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, “अर्थ काय त्याचा?”

“अर्थ कशाला हवाय? तुमच्या नावाचा अर्थ विचारून कुणी ठेवलं होतं का?”

ह्यांचं नाव दिगंबर. त्यांनी पुढची शेंग उचलली. मग मलाच वाईट वाटलं आणि मी सांगितलं, “पहाटेचा किरण.” हा पहिला अर्थ.

दुसरा रवीला द्यावा लागला. नाव गुप्तच ठेवायचं होतं, पण त्याला पाळण्यामागे लावायचा बोर्ड रंगवायचा होता. “ताई, खाली बारीक अक्षरांत अर्थ पण टाकतो. काय अर्थ?” माझा भाऊ रंगांतला माणूस. मी म्हटलं, “रंगांची देवता.” त्याला इतका आनंद झाला की मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

तिसरा गेला रवीच्या शेजारच्या पाटकरकाकूंना. काकू पापड लाटतात आणि बारशाचे पाळणे रचतात, दोन्ही एकाच जोमाने. नाव कळल्याशिवाय पाळणा कसा रचणार? “कुणाला सांगणार नाय गो मी,” त्या म्हणाल्या, “पण अर्थ दे, म्हणजे यमक लावता येतं.” मी म्हटलं, “चांदणं.” मनीषाच्या आईचा फोन आला तेव्हा त्यांना म्हटलं, “लक्ष्मीचं नाव आहे.” (लक्ष्मीला एवढी नावं आहेत, त्यात एक खपून जाईल.) आणि मनीषाला सांगितलं, “इवारिका म्हणजे शूर मुलगी. पेटीतून लढून बाहेर आली ना आपली.”

मनीषा म्हणाली, “बरं, ताई.”

मनीषा सगळ्यालाच ‘बरं, ताई’ म्हणते. मी ते आजवर होकार म्हणून धरत आले.

बारशाच्या दिवशी आम्ही रोह्याहून एसटीने पेणला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, मागे रवीचा बोर्ड, त्यावर चादर. घुगऱ्यांच्या वाट्या फिरत होत्या. सगळं नीट चाललं होतं, फक्त पाटकरकाकूंनी पाळण्याच्या झेरॉक्स काढून बायकांना वाटल्या होत्या.

“काकू, नाव गुप्त ठेवायचं होतं ना?”

“मी कुणाला सांगितलं गो? कागद दिलाय नुसता.”

एका मुलीने तो कागद मनीषाच्या आईला मोठ्याने वाचून दाखवला. “इवारिका आमची चांदणं गं...”

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. “चांदणं? मला तर ताईंनी लक्ष्मी सांगितली व्हती.”

“लक्ष्मी नाय,” रवी स्टुलावरूनच म्हणाला, “रंगांची देवता. सोनेरीत लिहिलंय मी, आता काय फिरवू नका.”

“मला पहाटेचा किरण सांगितलाय,” आमचे हे घुगऱ्या खाता खाता म्हणाले. त्यांना कुणीही विचारलेलं नव्हतं!

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, “संस्कृतात एका शब्दाला पुष्कळ अर्थ असतात.”

“असतील,” पाटकरकाकू म्हणाल्या, “पण चांदणं आणि पहाटेचा किरण एकाच वेळी कसे असतील गो?”

“असतात कधी कधी. थंडीत.”

“आणि ते ग्रीक?” ह्यांनी विचारलं. संसार करताना नवऱ्याला मोबाइल दाखवू नये तो यासाठी.

“ग्रीक म्हंजे?” विहीणबाई.

“परदेशातलं,” मी पुटपुटले.

“म्हंजे लांबचं हाय म्हणा की,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेल्या. हा टोमणा होता की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही.

एव्हाना सगळ्या खोलीत ते नाव चाललं होतं. कुणी इवारिका म्हणत होतं, कुणी इवरिका, कुणी नुसतंच ‘ते काय ते’. कुणी पाळण्यात डोकावून बाळाला त्या नावाने हाक मारून बघत होतं. मला आतून अभिमानच वाटत होता. सगळे वळून बघत होते ना.

मग ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं आणि आत ठेवलं. मी वाकले. माझ्या पाठीवर पाच-सहा हात तयार होते. बाळाच्या गालावर काजळाची तीट होती, दुसरी कपाळावर, तिसरी कानामागे, आणि सरकलेल्या दुपट्याखाली तळपायालाही एक. एवढं काजळ मी कुठल्याही बाळाला लावलेलं पाहिलं नव्हतं. पलीकडे मनीषा पाळण्याची दोरी धरून बसली होती, आणि दुसऱ्या हाताने ते दुपटं पुन्हा तळपायावर ओढत होती.

“काय गो?” मी हळूच विचारलं.

“ताई, लय मोठं नाव हाय.”

“मोठं कुठे? चारच अक्षरं.”

“तसं नाय.” ती बाळाकडेच बघत होती. “आधीच्या दोघांना पण आमी मनात नावं ठेवली व्हती. चांगली चांगली. कुणाला सांगितली नव्हती, तरी राहिली नाय ती. आणि हिचं तर सगळं पेण नाव घेतंय. मला भ्या वाटतं, ताई. हिला असं नाव द्या, की कुणी वळून बघणार नाय.”

वरून पाटकरकाकूंचा आवाज आला, “अगो, कानात नाव सांगतेस की पोथी वाचतेस?”

मी तशीच वाकलेली. मी महिनाभर त्या बाळासाठी नाव शोधत होते आणि बाळाच्या आईला एकदाही विचारलं नव्हतं. “तुमच्यात काय म्हणतात अशा बाळाला?” मी विचारलं.

“धोंडा म्हणतात. आईनं मलाही तेच ठेवलं व्हतं, माझ्याही आधीचं गेलं व्हतं ना. दगडाला कोण नजर लावतो?”

“मग एवढे दिवस बोलली का नाहीस?”

“तुमचा मान व्हता.”

नकोशा मुलींना लोक कसली कसली नावं ठेवतात ते मला माहीत होतं. पण ही इतकी हवीशी होती की तिच्या आईला ती लपवून ठेवावीशी वाटत होती. मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं, ‘कुर्र’ केलं आणि सांगितलं, “धोंडा.” बाळाने जांभई दिली. त्याच क्षणी पाठीत धपाटे बसले, त्यातला पाटकरकाकूंचा पापड लाटणाऱ्या हाताचा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि सगळ्यांना ते धपाट्यामुळेच आलंय असं वाटलं, हे एक बरं झालं.

“नाव सांगा, नाव सांगा.”

मी उभी राहिले. “धोंडाबाई.”

रवीने ठरल्याप्रमाणे तेवढ्यात चादर ओढली. मागे सोनेरी अक्षरांत हातभर ‘इवारिका’, खाली ‘रंगांची देवता’, आणि कडेने मोर. सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. रवी काही बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर मनीषाकडे गेली. ती हसत होती, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. रवीने चादर पुन्हा बोर्डावर टाकली.

“याचा अर्थ काय?” आमचे हे.

“दगड.”

“मूळ?”

“मराठी.”

महिनाभरात पहिल्यांदाच मी एखाद्या नावाची माहिती छातीठोकपणे देत होते. विहीणबाई बाहेर आल्या, माझ्यावरून हात ओवाळून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळे पुसून म्हणाल्या, “ताई, तुमाला आमच्यातलं कसं ठावं?”

मी मनीषाकडे पाहिलं. “नेटवर मिळालं,” मी म्हटलं.

पाटकरकाकू मात्र हातातला कागद घेऊन तशाच उभ्या होत्या. सगळी कडवी चांदण्याची, आता करायचं काय? पण बाई हाडाची पाळणेवाली. तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि आवाज लावला, “अंगणी आमच्या चांदणं सांडलं, पाळण्यात बाई गं धोंडं मांडलं...” यमक बिनचूक बसलं. बायकांनी ते इतक्या जोरात म्हटलं की बाळ जागं होऊन रडायला लागलं, आणि ते रडणंसुद्धा खणखणीत होतं.

तो बोर्ड पुढे काही वाया गेला नाही. रवीने अक्षरांवर पांढरा हात मारला आणि त्यावर ‘येथे शाडूच्या मूर्ती मिळतील’ असं लिहून तो कारखान्यात नेला. मोर तसेच ठेवलेत. इवारिकाचं काय झालं, तर त्या तिसऱ्या साइटवर अर्थाची जागा रिकामी होती तिथे मी बारशाआधी भरात येऊन ‘चांदणं’ असं लिहून टाकलं होतं. मध्यंतरी आमच्या ऑफिसातली एक मुलगी भाचीसाठी नावं शोधत होती, ती म्हणाली, “मॅडम, इवारिका बघा. प्राचीन नाव आहे, अर्थ पण दिलाय.” मी म्हटलं, छान आहे, पण आधी बाळाच्या आईला विचारा.

आमची धोंडा आता बालवाडीत जाते. कागदावर मनीषाने तिचं नाव आर्या ठेवलंय. वर्गात हाक मारली की तीन-चार आर्या वळतात, आणि फाटकाबाहेर मनीषा निवांत उभी असते. घरी मात्र ती धोंडाच. परवा पेणला गेले तर ती दारातच आडवी आली.

“आत्या, धोंडा म्हंजे काय गो?”

“मोठ्ठा दगड. कुणाला हलत नाही असा.”

“मग उचल बघू मला.”

मी उचलली. दूध-भात, वालाची उसळ आणि आजीच्या हातची सुकी मासळी खाऊन खाऊन ती भलतीच भरली आहे. तिने गळ्यात हात टाकले, आणि माझ्या कमरेत कळ आली ती थेट टाचेपर्यंत गेली.

मनीषा आतून धावत आली. “ताई, ठेवा तिला खाली, कंबर जाईल तुमची.”

मी नाही ठेवली. तशीच तिला घट्ट धरून कितीतरी वेळ उभी राहिले. मनीषाचे डोळे भरून आले, रवीने आमचा फोटो काढला, आणि आत्याची माया कशी असते ते पाटकरकाकूंनी सगळ्या आळीला बोलावून दाखवलं. खरं सांगायचं तर कंबर अशी धरली होती की मला खाली वाकताच येत नव्हतं.