दोन गोळ्या द्या, पुढचं बघू

औषधाचं दुकान नवरा-बायको दोघांचं, पण काउंटर वहिनींचा. अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. स्वभाव लोण्यासारखा. कुणी खोकत आलं आणि "दोन गोळ्या द्या, पुढचं बघू," म्हणालं, की पट्टी कापून हातावर ठेवायच्या. सासूबाईंचंही तेच. लघवीला जळजळ झाली की दुकानात डोकवायचं, दोन अँटिबायोटिक घ्यायच्या आणि बरं वाटलं की विसरायचं.

एकदा मात्र ताप उतरेना. सासूबाई हुडहुडी भरून असंबद्ध बडबडू लागल्या. दवाखान्यात ठेवलं, नेहमीची इंजेक्शनं झाली, पण फरक म्हणून नाही. लघवीतल्या जंतूंचा रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतू एक एन्झाइम तयार करतात. औषधानं काम करायच्या आतच ते त्याची मोडतोड करतं. दर वेळी अँटिबायोटिक घेतलं, की नाजूक जंतू मरतात आणि असे चिवट तेवढे उरून वाढतात."

"कॉलेजात शिकले होते हो मी हे," वहिनी कशाबशा बोलल्या.

शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं एक जबर औषध शिरेतून दिलं, ते लागू पडलं. सासूबाई घरी आल्या, पण पार वाळून गेल्या होत्या.

दुसऱ्याच दिवसापासून वहिनींनी नियम केला: चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही आणि सुट्या गोळ्या तर नाहीतच. गिऱ्हाइकं फणकारून समोरच्या दुकानात जाऊ लागली.

नवरा वैतागला. "अगं, आपण नाही दिल्या तर तो देतोच ना! मग आपणच का माश्या मारत बसायचं?"

"त्याला देऊ दे. माझा हात नाही धजावणार. आईंची काय गत झाली ते पाहिलंत ना?"

तो पाय आपटत आत गेला. कित्येक महिने धंदा मंदच राहिला, पण वहिनी तसूभर हलल्या नाहीत.

हिंडू-फिरू लागल्यावर सासूबाईच दुकानात खुर्ची टाकून बसू लागल्या. सलूनवाला गाल धरून आला, तशा कडाडल्या, "दाढ दुखतेय तर दाढ दाखव जा! दोन गोळ्या खाऊन जंतूंना खुराक घालतोस होय रे?" तो ओशाळून दातांच्या डॉक्टरांकडे गेला.

सगळी गिऱ्हाइकं काही परतली नाहीत. नवऱ्याची कुरकुरही चालूच असते. परवा मात्र वहिनी आत माल लावत होत्या, तेव्हा बाहेरून त्याचा आवाज आला.

"मामा, आधी चिठ्ठी आणा. तुम्हाला गोळ्या दिल्या, तर मला घरात जेवण मिळायचं नाही."