मागची बाग राहिली

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. अंबरनाथला कंपनीत क्वालिटीला होतो, जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. कोणी भुताखेताचं काढलं की म्हणायचो, "आण त्याला, गेज लावून बघू." त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

२००५-०६ ची गोष्ट. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहायचो... मी आणि बायको नंदा. मूलबाळ नाही. तिच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी जात्याच उतावळा. कुठेही गेलो की "पंधरा मिनिटांत आटप" हे माझं पालुपद. म्हणून नंदानं माझं नावच ठेवलं होतं – पंधरा मिनिटं. "अहो पंधरा मिनिटं, चहा घ्या!" चारचौघांत नाही हं, फक्त घरात.

जांभूळच्या बाजूला राखीव जंगलाला लागून एक निसर्ग उद्यान होतं. पुढे शोभेची बाग – कातरलेलं लॉन, गुलाब, बोगनवेलीची कमान. मागे फुलपाखरांसाठी, पाखरांसाठी मुद्दाम रानटी ठेवलेली बाग. पेपरात फोटो बघून नंदानं ध्यासच घेतला. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी (आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी) तिला स्कूटरवरून नेलं.

गुलाब बघून झाले. ती म्हणाली, "मागे जाऊ या ना." पाय सुजलेले, एकेक पाऊल मोजून टाकत होती. मी खेकसलो, "तिकडे काय, गवतच ना? आपल्या बिल्डिंगमागे काय कमी आहे? पंधरा मिनिटं म्हणता म्हणता तास झाला!" तिथे हिराबाई म्हणून गावातली एक माळीण निंदत होती. नंदा तिला म्हणाली, "मागची बाग राहिली हो मावशी. येते मी."

निघताना नंदा कधी 'जाते' म्हणायची नाही. डायलिसिसला निघतानासुद्धा उंबऱ्यात "येते हं" व्हायचंच. एकदा मी चुकून "जातो" म्हणालो, तर परत आत बोलावून पाणी पाजलं होतं. मी तिला वेड्यात काढलं होतं.

तीन आठवड्यांनी ती गेली. हॉस्पिटलमध्ये, बेशुद्धीतच. ना येते, ना जाते.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. घर खायला उठलं. डोक्यात एकच – तिची राहिलेली बाग निदान आपण तरी बघून यावी. शुक्रवारी जायचं ठरवलं. पण उल्हासनगरला तिचा फोटो मोठा करायला दिला होता, म्हटलं आधी तो आणू. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, बस पंद्रह मिनट बैठो." त्यात सगळी दुपार गेली. मग शनिवारी रजा टाकून बागेत गेलो.

सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. हिराबाईनं लांबूनच ओळखलं, विळा खाली ठेवला आणि माझ्यावरच करवादली, "आज आलाव? बायको बिचारी काल दिसभर बसलेली!"

"कोणाची बायको?"

"तुमची! कोनाची? पायाची सूज पन उतरलेली, चांगली चालत व्हती. मागं त्या रुईजवल बसली. मी बोलले, मालक कुठं? तर हसली. बोलली, 'पंधरा मिनिटं येतीलच आता.' ही काय बोलायची तऱ्हा? मी समजले, पंधरा मिनटांत येताव. सांज झाली तरी तुमचा पत्ता नाय!"

मी तिथेच मातीत बसलो. नंदा आता नाही, हे तिला सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, "मग?"

"मग काय, गेट लावायची वेल झाली. मी बोलले, परत ये गो बाय. तर बोलली, 'बाग बघून झाली, मावशी. त्यांना सांगा, जाते.'"

भाऊ म्हणतो, ती दुसरीच कोणी असेल. असेल बाबा! पहिल्या खेपेला स्कूटर काढायला मी पुढे गेलो होतो, तेवढ्यात नंदानंच म्हातारीला ते नाव सांगितलं असेल... आणि म्हातारीनं दिवसांचा घोळ घातला असेल. सगळं लावून बघितलं. एकही माप बसत नाही. मला आजही काही कळलेलं नाही.

त्यानंतर कितीतरी शुक्रवार त्या रुईजवळ बसून काढले. सकाळपासून गेट लागेपर्यंत, अजिबात घाई न करता. फुलपाखरं यायची. ती नाही आली. आणि येणार तरी कशी? या खेपेला 'येते' म्हणालीच नव्हती ना.