गुळाची वाटी

बेसा वस्तीतल्या आमच्या घराला दरवर्षी ऑइलपेंट मारणारा पेंटर आधी खिडक्या लावून घेतो, कारण ओल्या रंगावर धूळ बसते. वासानं मला दारातच गरगरतं. खिडक्या उघड्या ठेवा, असं मी डब्यावरचं वाचून दाखवलं, तर म्हणतो, "ते शिकलेल्या लोकायसाठी राह्यते, भाऊ." संध्याकाळी थिनरनं हात धुऊन तो माझ्या बायकोकडे गूळ मागतो. "वहिनी, गुळानं छातीतला सारा वास निघून जाते."

यंदा त्यानं गुळाची वाटी परत केली.

"काहून?" मी विचारलं.

भिंतीला टेकून तो आधी बराच वेळ खोकला. "शुगर निघाली. डॉक्टर म्हणे, आता जिवाले जपा लागते."

मग तो उठला आणि मी हळूच उघडलेली खिडकी त्यानं लावून टाकली.