ओहोटीमागे गेलेला पोरगा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या मामाचे. आईचा हा थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. शाळा त्याने लहानपणीच सोडली. मामाच्या आणि आमच्या, दोन्ही घरांत मिळून पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. त्याचं श्रेय लोक माझ्या शिक्षकांना देतात आणि ते खरंच आहे, मी त्यांचा ऋणी आहे. पण वर्गात तोंड मिटून बसलेल्या मुलाला शिक्षक तरी किती शिकवणार? माझं तोंड उघडलं ते मामाने.

आमचं गाव आगाशीच्या पुढे, समुद्राला लागून. पाचवीला मी गावातली शाळा सोडून आगाशीच्या हायस्कूलमध्ये गेलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तरात ‘पानी’ म्हणालो. घरात आम्ही सगळे तेच म्हणतो. वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकाने ‘ए पानीपुरी’ अशी हाक मारली आणि ते नाव मला वर्षानुवर्षं चिकटलं. मी बोलायचं बंद केलं. उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. प्रगतिपुस्तकात शिक्षक ‘शांत स्वभाव’ असं लिहीत आणि आईला ते कौतुक वाटे.

गोष्टी मात्र मी पोटभर ऐकत होतो. मामा फेरीवरून आला की दिवे लागल्यावर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसायचा आणि हात चालू असताना गोष्ट सांगायचा. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की मामाही थांबायचा, अगदी राक्षस समोर उभा असला तरी.

त्यातली एक गोष्ट माझी होती. एका खलाशाच्या पोराला प्रश्न पडतो, ओहोटीचं पाणी जातं कुठे? गावातले जाणते म्हणतात, असलं विचारायचं नसतं. पोरगा म्हणतो, मग मी जाऊन बघतो, आणि उतरत्या पाण्यामागे चालायला लागतो. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांचा राजा त्याला अडवतो. पुढे बुडालेल्या बोटींचे नांगर गळ्यात घालून बसलेली राक्षसीण भेटते. जो तो विचारतो, तुला भीती नाय वाटत? पोरगा सांगतो, “वाटंल तवा सांगीन. आता वाट सोड.” शेवटी जिथे जमीन संपते तिथे एक म्हातारी बसलेली असते. सगळा समुद्र ती जाळ्यासारखा दोराने ओढून घेत असते. हातांची सालं निघालेली, पण दोर हाती द्यायला दुसरं कुणी माणूस नाही. पोरगा म्हणतो, “दे हिकडं.” तो दोर खांद्यावर घेतो, गावाच्या दिशेने चालायला लागतो आणि मागून भरती येते. संपली गोष्ट. त्यात राजकन्या नाही, अर्धं राज्य नाही. पोरगा घरी येतो, एवढंच.

नववीत असताना मराठीच्या बाईंनी कथाकथनाच्या स्पर्धेत माझं नाव दिलं. माझे निबंध त्यांना आवडत. बोलता येत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्या घरची एखादी गोष्ट सांग, घरची गोष्ट अडत नाही. मी रविवारी दुपारी पडवीत उभा राहून सराव सुरू केला. आई मासळी साफ करत होती. तिने कोयता खाली ठेवला.

“दिवसाची गोष्ट सांगतोस? मामा कुठं हाय तुझा?”

मामा समुद्रात होता. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे बऱ्याच मराठी घरांत सांगतात. दिवसभर गोष्टींचा हट्ट धरणाऱ्या पोरांना गप्प करायला ते बरं असतं. पण ज्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा माणूस पाण्यावर आहे, तिथे ते कुणी हसून सांगत नाही. आमच्याकडे सूर्य असेपर्यंत कुणी गोष्ट काढत नसे. आणि स्पर्धा होती सकाळी.

मी म्हटलं, मग कुठलीच गोष्ट सांगता येणार नाही. आईकडे त्यावर उत्तर तयार होतं. पुस्तकातली सांग. पुस्तकातली गोष्ट पाठ केलेली असते, तिला सांगितली म्हणत नाहीत, तिचा दोष लागत नाही. मामी येऊन तेच बोलून गेली, वर म्हणाली की माझ्या नवऱ्याच्या जिवावर बक्षीस नको. मी बाईंना नाइलाजाने सांगितलं. त्यांनी वाद न घालता एक बोधकथा दिली, छापील, नीटनेटक्या भाषेतली. मी ती पाठ केली. एकही ‘न’ चुकीच्या जागी पडणार नव्हता. कुणी हसणार नव्हतं. आणि मला आतून कळत होतं की ही पाठ म्हणून खाली उतरलो, तर मी पुन्हा जन्मात बोलणार नाही.

मधल्या काळात मामाची बोट बंदराला लागली आणि पुन्हा निघायच्या तयारीला लागली. आईने त्याला सगळं सांगितलं. पुस्तकातली पाठ केली तरी पोराच्या डोक्यातून हे खूळ गेलेलं नाही, ते तूच काढ, अशी तिची विनंती होती. मामा नुसता “बघतो” म्हणाला.

स्पर्धा वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीकडच्या एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होती. एकेक मुलगा येऊन हातवारे करत गोष्ट सांगे, शेवटी ‘तात्पर्य’ म्हणून एक वाक्य टाके आणि टाळ्या घेऊन जाई. माझा नंबर जवळ आला तेव्हा पुढच्या रांगेत मामा दिसला. अंगात लग्नाला घालायची पँट आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याची बोट पहाटेच्या भरतीला निघायची होती. ती त्याला न घेता निघाली होती.

मला बघून तो उठून कडेला आला.

“मी हितं तुझ्या म्होरं बसलोय. आता चुकू कुठं? सांग आपली.”

मी स्टेजवर गेलो आणि यादीत लिहिलेली कथा सांगणार नसल्याचं जाहीर केलं. पहिलं वाक्य संपलं तसा समोरून खणखणीत ‘हूं’ आला. सभागृह हसलं. परीक्षक सरांनी मान वर करून प्रेक्षकांनी शांतता पाळावी अशी सूचना केली. मामा उभा राहिला, हात जोडले.

“सायेब, हूं कोनी दिला नाय तर गोष्ट म्होरं जात नाय.”

आणि खाली बसला. पुढच्या वाक्याला पुन्हा हूं. मी ‘पानी’ म्हणालो, परत हसू फुटलं. मी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा घेतलं आणि ‘पानी’ जरा मोठ्याने म्हणालो. हसणारे हसले. मी थांबलो नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा म्हातारीच्या हातातला दोर अजून सुटायचा होता. तो सोडवून, भरती गावात आणूनच मी थांबलो.

“तात्पर्य राहिलं,” परीक्षक म्हणाले.

“तात्पर्य नाय, सर. पोरगा गेला आणि पानी घेऊन आला.”

बक्षीस मिळालं नाही. ‘भाषेकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मात्र मिळाला. मामी मामाशी किती तरी दिवस धड बोलली नाही. ऐन हंगामातली फेरी कुणी अशी सोडतं का, हा तिचा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता. मामाने तिला एकदाच सांगितलं, बोट चार दिवसांनी परत जाईल, याचं तोंड आज उघडलं नसतं तर ते कधी उघडणार होतं?

त्यानंतर मी वर्गात हात वर करायला लागलो. लोक हसत, मग हसायचे कंटाळले. पुढे कॉलेज झालं, बी.एड. झालं. आज मी आचोळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. प्रमाण भाषा मी मन लावून शिकलो आणि मन लावून शिकवतो, हे लिहितोय तेही त्याच भाषेत. पण मामाच्या गोष्टीतल्या पोराला ती बोलायला लावणार नाही. यंदा तसा प्रसंग आला. तो मामाला कळवायचा होता. फोनवर मामा कुणाला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहिलं. मामेबहीण त्याला वाचून दाखवते.

*

ती. मामास,

सा. न.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी आपली गोष्ट दिली होती. ती छापणार नाहीत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, पोरगा राजपुत्र करा, बोलणं शुद्ध करा आणि शेवटी दोन ओळी तात्पर्य घाला. माणूस वाईट नाही. मुलांच्या भल्यासाठीच सांगत होते. मी ऐकून घेतलं आणि कागद परत मागून घेतला. तो खलाशाचा पोरगा आहे, राजपुत्र झाला तर दोर ओढायला नोकर पाठवेल, असं म्हणालो. त्यांना राग आला. येऊ दे.

मग वर्गातच सांगितली, दुपारच्या तासाला, भर उन्हाची, आपल्या बोलीत. तू आता घरीच असतोस, वाट चुकायचा प्रश्न नाही. माझ्या वर्गात गुजराती, भोजपुरी, कोकणातली, सगळ्या घरांची पोरं आहेत. आधी हूं द्यायला शिकवलं. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मुख्याध्यापक पुन्हा बोलावतील, उत्तर तेच देईन.

एका मुलीने मात्र मला अडवलं. म्हणाली, सर, एवढा लांब चालत गेला तर तो खात काय होता? मला सांगता आलं नाही. तू हे कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. मनाने काही घालायची इच्छा नाही. तू विचार करून कळव. सोमवारी पोरं मला सोडायची नाहीत.

तुझा भाचा